गणपती ते पाडवा

पहिल्या खेपेला घरादाराचं लक्ष होणाऱ्या आईकडे असतं. काय खावंसं वाटतं, झोप लागते का, पाय सुजलेत का, याची दिवसातून चारदा चौकशी होते. दुसऱ्या खेपेला घरात आधीच एक चार वर्षांचं माणूस वावरत असतं आणि त्याला शाळा, सुट्टी, सणवार सगळं जिथल्या तिथे हवं असतं. २०२४ च्या गणपतीपासून २०२५ च्या पाडव्यापर्यंतचे महिने आठवले की वाटतं, त्या खेपेला डोहाळे मला कमी आणि आमच्या थोरलीला जास्त लागले.

७ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा मला तिसरा महिना होता. तीन महिने सरल्याशिवाय बोलायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. एरवी ज्या उकडीच्या मोदकांची मी वर्षभर वाट पाहते, त्यांच्या वाफेनंच मला स्वयंपाकघराच्या दारातून माघारी धाडलं. नैवेद्य सासूबाईंनी आणि नवऱ्यानं उरकला. गुपित फुटलं ते आरतीनंतर. शेजारच्या काकू माझ्यापुढे प्रसादाचं ताट धरतात तोच थोरली खणखणीत आवाजात म्हणाली, "आईला देऊ नका, ती सारखी ओकते." काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाचं लोणचं घेऊन हजर झाल्या.

नवरात्रात बाळाची हालचाल कळू लागली. दिवाळीच्या तोंडावर अ‍ॅनॉमली स्कॅन झाला. गर्भलिंग सांगण्याला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि तसा फलक सोनोग्राफीच्या दाराशी लावलेला असतो. तरी "आता मुलगा झाला की चौकोन पूर्ण" म्हणणारे नातेवाईक भेटतातच. थोरलीची मागणी त्या मानानं सरळ होती. बाळ मोठं आणायचं, लपाछपी खेळता येईल एवढं.

२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मला ती सगळी बाळासाठी राखायची होती, त्यामुळे विसावा मिळाला तो सणांच्याच सुट्ट्यांत. विसावा म्हणजे काय, तर दिवाळीत भाचरं आली होती आणि अंगणात किल्ला उठत होता. फराळातली चकली आईकडून आली, करंज्या विकतच्या. तळणीचा वास सोसवेना. मी खुर्ची टाकून बुरुज कुठे, दरवाजा कुठे, ते सांगत बसले. थोरलीनं किल्ल्यावर पेरायला सासूबाईंची अळिवाची बरणी पळवली. हे अळीव बाळंतपणानंतरच्या लाडवांसाठी जपून ठेवलेले. पण किल्ल्यासाठी तिची निवड चोख होती. मोहरी उतारावरून घरंगळते. अळीव भिजला की त्याला बुळबुळीत साय धरते आणि तो उभ्या कड्यालाही चिकटून बसतो. लक्ष्मीपूजनापर्यंत तटाला हिरवी लव फुटली. "माझ्या बाळंतिणीचे लाडू डोंगरावर उगवले," असं म्हणत सासूबाईंनी नवा अळीव आणवला.

खरी परीक्षा डिसेंबरात होती. स्वतःच्या हातानं जेवणारी मुलगी भरवून मागू लागली, पाळणा कुठे लागणार ते विचारू लागली, एकदा बाळासाठी काढलेल्या दुपट्यात स्वतःच गुंडाळून झोपली. "आता तू ताई होणार," हे पालुपद घरात येणारा प्रत्येकजण ऐकवत होता. ताई होण्यात आपला काय फायदा, हे तिला कुणी सांगत नव्हतं. मग आम्ही ते पालुपद बंद केलं. रात्रीची गोष्ट आणि सकाळची आंघोळ बाबाकडे गेली, भरवायचं काम माझ्याकडे राहिलं. नाताळच्या सुट्टीत साखरेच्या तपासणीलाही ती सोबत आली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं असतं. ते गोडमिट्ट पाणी मी नाक मुरडत संपवलं, तर ही शेजारी "मलापण सरबत" म्हणून हटून बसलेली.

जानेवारीत डोहाळजेवणाचा विषय निघाला. "दुसऱ्या वेळी कोण करतं?" हा प्रश्नही लगोलग आला. थोरलीला पाच पूर्ण व्हायला थोडे दिवस होते, म्हणजे बोरन्हाणाची ही तिची शेवटची संक्रांत. मी म्हटलं, तेच करू. आईनं दोन्ही साधलं. लेकीला काळं झबलं-परकर, मला काळी चंद्रकळा, दोघींच्या अंगावर हलव्याचे दागिने. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, बत्तासे थोरलीच्या डोक्यावरून ओतले तेव्हा गल्लीतली पोरं तुटून पडली. मला वाकता येत नव्हतं. तिनं स्वतःची ओंजळ भरली, माझ्या ओटीत रिकामी केली आणि पुन्हा गर्दीत घुसली. ओटीभरणाचा रीतसर कार्यक्रम झालाच नाही आणि तो व्हायला हवा होता असं मला वाटलंही नाही.

३० मार्चच्या पाडव्याआधी धाकटी आली. लपाछपी तिला येत नसल्याचं पाहून थोरली जरा नाराज झाली. भरवून घ्यायची सवय मात्र तिची तिनंच सोडली. दोन्ही हात बाळात अडकलेली आई फार हळू भरवते, अशी तिची तक्रार होती. पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण धाकटीचं. त्यासाठी थोरलीनं अट घालून ठेवली: बोरं बाळाला लागतील, म्हणून बाळावर नुसते चुरमुरे ओतायचे आणि बोरं तिच्या परकरात.