इंधन दाबमापक, मोटारगाडीतील

इंधन दाबमापक : मोटारगाडीच्या एंजिनास पुरविल्या जाणाऱ्या इंधनाचा दाब दर्शविणारे उपकरण. नेहमीच्या वापरातील गाडीत त्याची गरज भासत नाही. शर्यतीच्या किंवा फेरबदल करून शक्ती वाढविलेल्या गाडीत मात्र क्षणभर दाब घटला तरी एंजिन निकामी होऊ शकते व म्हणून तो तेथे बसवितात.

कार्ब्युरेटरला सु. ०·२ ते ०·४ बार दाब पुरतो, तर अंतर्ग्रहण नलिकेत पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या अंतःक्षेपकांना सामान्यतः सु. ३ बार दाब लागतो. अशा पद्धतीतील निर्वात-संलग्न दाब-नियंत्रक इंधननळी व अंतर्ग्रहण नलिका यांच्या दाबांतील फरक स्थिर राखतो. एंजिन मंदगतीने चालत असता नलिकेतील दाब वातावरणीय दाबापेक्षा ०·६ बारने कमी असेल, तर मापकावर २·४ बार दिसतात. टर्बोचार्जरने तो १ बारने वाढविला, तर ४ बार दिसले पाहिजेत. पंप अपुरा पडून काटा वर चढला नाही, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, अवेळी स्फोटक ज्वलन होते व दट्ट्याचा माथा वितळू शकतो. म्हणून केवळ एका आकड्यापेक्षा दाब कसा बदलतो हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. सिलिंडरात थेट अंतःक्षेपण करणाऱ्या एंजिनात पुढील पंपानंतरचा दाब शंभर बारच्याही वर जातो. तेथे हा मापक फक्त अल्पदाबाच्या बाजूस जोडतात.

प्रकार : यांत्रिक मापकात फ्रेंच अभियंते अझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये एकस्व घेतलेली वक्र नळी असते. दाबाने ती सरळ होऊ पाहते व काटा फिरतो. या मापकात प्रत्यक्ष पेट्रोल येत असल्याने तो चालकाच्या कक्षात बसविणे धोक्याचे असते. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांत तो पुढील काचेबाहेर बसविण्याची किंवा मध्ये पडदा असलेला विलगकारक घालून पुढील नळीत गोठणरोधक द्रव भरण्याची पद्धत रूढ झाली. विद्युत् मापकात संवेदक एंजिनापाशी राहतो व कक्षात फक्त तारा येतात. म्हणून तोच अधिक सुरक्षित. ग्लिसरीन भरलेला बंद मापक एंजिनाच्या उष्णतेने तापला की, प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवितो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बसविण्याची कृती : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हवेत तिचे घनफळ सु. १·४ टक्के झाले की ती पेट घेऊ शकते. त्यामुळे काम मोकळ्या जागी, एंजिन पूर्ण थंड असताना व कोरड्या चूर्णाचा अग्निशामक जवळ ठेवून करतात. प्रथम पंपाचा फ्यूज काढून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवितात. नंतर बॅटरीचे ऋणाग्र सोडवितात. तरीही नळीत थोडे पेट्रोल उरतेच, म्हणून जोड फडके गुंडाळून सावकाश सैल करतात.

गळतीचे मूळ बहुधा आट्यांत असते. एक अष्टमांश इंची अमेरिकन निमुळत्या आट्यांत दर इंचास २७, तर त्याच मापाच्या ब्रिटिश आट्यांत २८ फेरे असतात. एकात दुसरा दोन-तीन फेरे सहज बसतो, घट्टही वाटतो आणि पुढे गळतो. निमुळत्या आट्यांना पेट्रोलरोधक लेप लावतात. फितीचे तुकडे सुटून अंतःक्षेपक तुंबतात. ३७ अंशांच्या शंक्वाकार जोडास कोणताच लेप लागत नाही. ॲल्युमिनियमच्या भागात निमुळता जोड जोराने आवळल्यास तडा जातो. जड संवेदक थेट इंधननळीवर बसविल्यास कंपनांनी त्याची मान तुटू शकते. तो गाडीच्या सांगाड्यावर पक्का करून लवचिक नळीने जोडणे श्रेयस्कर. ही नळी अंतःक्षेपणाच्या दाबास व इथेनॉलमिश्रित पेट्रोलास टिकणारी असावी लागते. भारतात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून जुन्या रबरी नळ्यांबाबत ही दक्षता विशेष आवश्यक ठरली आहे. निष्कास नलिकेपासून नळी दूर ठेवतात.

शेवटी फ्यूज व बॅटरी जोडून, एंजिन सुरू न करता किल्ली तीन-चार वेळा फिरवितात. दर वेळी पंप काही सेकंद चालून दाब निर्माण करतो. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल तपासतात. एंजिन तापल्यावर व पहिल्या फेरीनंतर ही तपासणी पुन्हा करतात, कारण थंडपणी कोरडा असलेला जोड उष्णतेने प्रसरण पावून पाझरू लागतो.