मुसीच्या काठचे हैदराबाद

व्यापाराच्या कामाने अथवा लग्नकार्यास हैदराबादेस येणाऱ्या पाहुण्यांस आपण चारमिनार दाखवितो, लाडबाजारात बांगड्यांची खरेदी करवितो आणि निरोप देतो. ज्या नदीच्या काठी हे नगर वसले, तिच्याकडे मात्र कोणी मान वळवून पाहत नाही. म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, पाहुण्यांसह एक सकाळ मुसीच्या काठासाठी राखून ठेवावी.

प्रारंभ पुरानापुलापासून करावा. इब्राहीम कुतुबशहाने १५७८ मध्ये हा दगडी पूल बांधविला, तेव्हा राजधानी गोवळकोंड्यास होती. पुढे १५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशहाने दक्षिण तीरावर चारमिनार उभारला. म्हणजे पूल आधी व शहर मागून! वाट सुगम झाली की बाजार तिच्यामागोमाग येतो, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

तेथून उत्तर तीराने बेगमबाजार डावीकडे ठेवून अफजलगंजास आले म्हणजे उस्मानिया इस्पितळ लागते. त्याच्या आवारातील चिंचेचे झाड अवश्य पाहावे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीस महापूर आला. हजारो माणसे प्राणांस मुकली, घरे व पेढ्या वाहून गेल्या. त्या दिवशी सुमारे दीडशे जणांनी या झाडाचा आश्रय घेऊन जीव वाचविला, असे सांगतात.

या अनर्थानंतर निजाम सरकारने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. वरच्या अंगास जलाशय बांधून पूर अडवावा, अशी त्यांची योजना होती. तीनुसार १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. ज्या पाण्याने शहर बुडविले, तेच साठवून शहराची तहान भागविली गेली. नदीकाठही नव्याने सजला. नयापूल ओलांडताच दक्षिण तीरावर उच्च न्यायालयाची तांबड्या दगडाची भव्य इमारत दिसते. तिचा आराखडा व्हिन्सेंट एश यांचा. जवळच सालारजंग संग्रहालय आहे. ते १९६८ मध्ये या जागी आले. बेन्झोनीची संगमरवरी ‘बुरख्यातील रिबेका’ पाहताना दगडाचे वस्त्र कसे झाले, याचे नवल वाटते. मुलांना तेथील वाजणारे घड्याळ विशेष आवडते.

परंतु नयापुलावर उभे राहून खाली पाहिले की मन खिन्न होते. अनंतगिरीच्या डोंगरातून निर्मळ निघालेली मुसी येथे शहराचे सांडपाणी वाहते. पाणी गाळून पिणे हा आपला कुळाचार. अप्काय जीवांविषयी आपण प्रतिक्रमणात क्षमा मागतो. मग गोदामातील केरकचरा, फाटकी पोती व प्लॅस्टिक नाल्यात लोटणे आपणांस कसे शोभेल? सरकारने करावयाचे ते सरकार करो. प्रत्येक पेढीने आपल्या दारचा नाला स्वच्छ राखला, तरी नदीचे ऋण काही अंशी फिटेल. महावीरांच्या अनुयायांनी इतके तरी करावे, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.