नवं गाणं सोनपेठला कोण आणतं?

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकतं तरी कोण, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने मराठवाड्यातली एखादी वरात किंवा जयंतीची मिरवणूक नीट ऐकलेली नसते. तिथे वाजणारा रिमिक्स कान देऊन ऐकावा. आधी सायरन, मग घुमणाऱ्या आवाजात रिमिक्स करणाऱ्या पोराचं नाव, आणि ते नाव मधूनमधून पुन्हा येतच राहतं. म्हणजे कुणी गाणं ढापलं तरी नाव पुसता येऊ नये! त्याखाली हलगी किंवा संबळाचा कापून घेतलेला तुकडा, त्याच्या जोडीला ड्रम मशीनचा ठोका. ठोका वाढत वाढत एकदम थांबतो, क्षणभर काहीच वाजत नाही आणि मग बेस असा कोसळतो की दुकानांची शटर थरथरतात. परदेशातल्या क्लबमध्ये याच जागेला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि तिकीट काढून लोक तिची वाट बघतात. हे बनवणाऱ्याकडे कंपनी नसते, स्टुडिओ नसतो. एक कॉम्प्युटर, त्यात एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर, आणि यूट्यूबवर टाकताना नावापुढे मिरवलेला ‘अनरिलीज्ड’ हा शब्द. फिल्म किंवा बड्या कंपनीच्या आश्रयाशिवाय, स्वतःच्या हिमतीवर काढलेलं गाणं म्हणजे इंडी, आणि सिंथेसायझर, ड्रम मशीन, कॉम्प्युटर यांतून घडलेलं संगीत म्हणजे इलेक्ट्रॉनिक. दोन्ही व्याख्या या पोराला चपखल बसतात, फक्त त्याला कुणी त्या नावाने बोलावत नाही. आवाजाच्या मर्यादेवरून होणारे वाद रास्तच आहेत, पण तो भिंतीएवढ्या स्पीकरचा दोष आहे, संगीताच्या जातीचा नव्हे. तेव्हा असलं संगीत सोनपेठला पोचतं का, हा प्रश्न निकालात काढू. खरा प्रश्न वेगळा आहे. दर आठवड्याला जगात जे नवं निघतं त्यातलं कोणतं इथे पोचतं, आणि ते कोण पोचवतं?

नव्या संगीताचा वार ठरलेला आहे. १० जुलै २०१५ पासून जगभरच्या कंपन्यांनी नवी गाणी शुक्रवारी काढायचं ठरवलं, आणि स्वतंत्र कलाकारही बहुतेक तोच वार धरतात. गाणं तयार झालं की एखाद्या डिस्ट्रिब्युटरला थोडे पैसे किंवा कमाईतला वाटा द्यायचा, तो ते स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, अ‍ॅपल म्युझिक अशा सगळ्या ठिकाणी चढवतो. दार सर्वांना उघडं झालं हे खरं, पण आत शिरल्यावर दिसते ती गर्दी. संगीताच्या विक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या ल्युमिनेट या संस्थेने २०२३ साली जी १८.४ कोटी गाणी मोजली, त्यांपैकी १५.८६ कोटी गाणी वर्षभरात हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजली. ४.५६ कोटी गाणी एकदाही वाजली नाहीत. यातली पुष्कळशी न वाजण्याच्याच लायकीची असतील, कबूल. पण सगळीच तशी असतील हे पटत नाही, आणि त्यातली चांगली कोणती हे न ऐकता कळायचं कसं?

अ‍ॅपवाल्यांचं उत्तर तयार असतं: आमचं यंत्र ऐकतं ना! स्पॉटिफायने २०१५ च्या जुलैमध्येच ‘डिस्कव्हर वीकली’ सुरू केलं. दर सोमवारी तीस गाण्यांची यादी, प्रत्येकाची वेगळी. यादी बनते ती मुख्यतः इतरांच्या सवयींवरून. तुम्हाला आवडणारी दहा गाणी ज्या हजारो लोकांच्या याद्यांत आहेत, त्यांच्याच याद्यांतलं अकरावं गाणं तुम्हाला दिलं जातं. युक्ती हुशारीची आहे आणि पुष्कळदा कामही करते. पण तिचा पाया इतरांचं ऐकणं हाच असल्यामुळे जे गाणं अजून कुणीच ऐकलेलं नाही तिथे ती अडखळते. तंत्रज्ञ यालाच ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. हिंदी किंवा इंग्रजी गाण्याला ही थंडी दोन दिवसांत सोसून जाते, कारण ऐकणारे अफाट. वऱ्हाडी किंवा मराठवाडी बोलीतल्या इलेक्ट्रॉनिक गाण्याला पहिले पाचशे कान कुठून मिळणार? ते मिळवून देणारा कुणीतरी माणूस लागतो. दर आठवड्याला ऐकून, निवडून, स्वतःच्या नावावर चार गाणी पुढे करणारा. यंत्राचं काम त्याच्यानंतर सुरू होतं, त्याच्याऐवजी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्याला पुरावा आहे.

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अनोळखी बँडची ४८ गाणी, १४,३४१ श्रोते. काही श्रोत्यांना नुसती गाण्यांची नावं दाखवली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटून टाकलं आणि त्या-त्या जगात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडाही समोर ठेवला. गाणी तीच, तरी आठ जगांत आठ निराळे निकाल लागले. एका जगातलं पहिल्या रांगेतलं गाणं दुसऱ्या जगात मागे पडलेलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीला कुणाचं बोट कुठे पडलं यावर ठरलं. आकडे दाखवल्यावर पुढची गाणी आणखी पुढे आणि मागची आणखी मागे गेली, हेही त्यात दिसलं. म्हणजे पहिल्या ऐकणाऱ्यांच्या हातात केवढी सत्ता असते पाहा. ही सत्ता कुणीतरी वापरणारच. ती योगायोगाने वापरली जावी की जाणत्या कानाने, एवढंच ठरवायचं राहतं.

जाणत्या कानाची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीने तेव्हा सिनेसंगीताला दूर ठेवलं होतं, आणि बुधवारची संध्याकाळ या एका कार्यक्रमाने बळकावली. गाण्यांची क्रमवारी ठरवताना रेकॉर्ड दुकानांच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचा कौलही धरला जाई. म्हणजे आठवड्याची यादी खालून वर जायची आणि वरून खाली यायची. परभणी आकाशवाणीचा पल्ला सोनपेठच्या शिवारापर्यंत पोचतो. तिच्या ‘आपली आवड’ या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी पोस्टकार्डं लिहिणाऱ्या श्रोत्यांनी स्वतःचं आणि गावाचं नाव घातलं ते हौसेने, पण त्यातून घडलं असं की निवड कुणाची आहे हे सगळ्यांना कळत राहिलं. पुढे कॅसेट आली, मग सीडी, मग मोबाइलच्या दुकानात बसून मेमरी कार्ड भरून देणारा पोरगा. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून, ‘भाऊ, नवीन डीजे टाकू का भक्तिगीतं?’ असं विचारत फोल्डर उतरवून देणारा. तो धंदा बेकायदा होता यात शंका नाही. पण आवड ओळखून नवं काहीतरी न मागता त्यात घालून देण्याची त्याची हातोटी कुठल्याही यंत्राला अजून साधलेली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला आणि हा पोरगा काउंटरमागून नाहीसा झाला. त्याची जागा ज्याने घेतली ते अ‍ॅप गाणी कितीतरी जास्त देतं, पण कुणाच्या भरवशावर ऐकायचं ते सांगत नाही.

एका माणसाच्या कानावर किती अवलंबून असतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईतलं आहे. चरणजित सिंग हे सिनेसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन, म्हणजे ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ बेस मशीन आणि टीआर-८०८ ड्रम मशीन, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड एचएमव्हीने काढली आणि ती पडली. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याच टीबी-३०३ वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा संगीतप्रकार जगभर गाजला. चरणजितजींची रेकॉर्ड तोवर धूळ खात पडलेली. जुन्या रेकॉर्डी हुडकत फिरणारा एडो बाउमन हा डच संग्राहक २००२ साली दिल्लीत तिच्यापाशी थबकला, पुढे मुंबईत येऊन त्याने वादकाला गाठलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. त्यानंतर सत्तरीच्या घरातल्या चरणजितजींना युरोपातल्या महोत्सवांची आमंत्रणं आली. २०१५ मध्ये ते गेले. संगीतात तसूभर फरक पडलेला नव्हता. ‘हे ऐका’ म्हणणारा एक माणूस मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली, इतकंच.

यावर कुणी संजू राठोडचं नाव पुढे करील. जळगाव जिल्ह्यातला, बंजारा घरातला हा तरुण गायक. भाऊ जी-स्पार्क संगीत रचतो. २०२४ च्या सुरुवातीला त्याचं ‘गुलाबी साडी’ हे गाणं आलं आणि मराठी न कळणाऱ्या मुलखांतही त्यावर लोक नाचले. कुठला निवडणारा लागला त्याला? अ‍ॅपनेच वर नेलं ना? आक्षेप वजनदार आहे, पण अर्धाच खरा. गाणं पसरलं ते रीलमुळे, आणि रील म्हणजे कुणीतरी माणसाने तो तुकडा उचलून, त्यावर आपला चेहरा लावून पुढे दिलेला असतो. यंत्राने त्या लाटेला पाणी पुरवलं. शिवाय रीलचा नियम कडक आहे: गाणं पंधरा-वीस सेकंदांत पकडलं पाहिजे. जे हळूहळू उलगडतं, ज्याच्या शब्दांत दम आहे पण ठेक्यात नाचरेपणा नाही, ते या चाळणीतून खाली पडतं. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलातल्या आदिवासींबरोबर, प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ मध्ये ‘वारली रिव्होल्ट’ केलं. मराठी रॅप, वारली सूर आणि इलेक्ट्रॉनिक बीट यांचा तो मेळ आहे. जंगल कोणाचं, हा त्याचा विषय. असल्या गाण्यावर कुणी साडीचा पदर उडवत रील करणार नाही. ते कुणीतरी शांतपणे हातात ठेवावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. निवडणारा माणूस आला की त्याच्यासोबत त्याची गल्ली, त्याची जात, त्याचा कंपू येतो. मराठवाड्यात गाणी आजही कॅलेंडरप्रमाणे वाटलेली आहेत. एप्रिलमध्ये भीमगीतांचे नवे रिमिक्स निघतात, शिवजयंतीला वेगळे, गणपतीत वेगळे, उरुसाला कव्वाल्यांचे. ज्याचा ग्रुप त्याचं गाणं. एका ग्रुपातलं उत्तम काम दुसऱ्याला ऐकूही जात नाही, आणि गंमत अशी की हलगीचा तुकडा बऱ्याचदा तोच असतो, बेस तोच, कधीकधी रिमिक्स करणारा पोरगाही तोच! इथे यंत्राची बाजू घ्यावीशी वाटते, कारण त्याला जात कळत नाही. पण त्याला सवय कळते, आणि आपल्या सवयी जिथे आधीच वाटलेल्या आहेत तिथे ते त्याच भिंती जरा उंच करून देतं. माणसाला निदान लाज वाटू शकते. चार गाण्यांत एक परक्या गल्लीतलं असलंच पाहिजे, असा नियम तो स्वतःला घालून घेऊ शकतो. तो घालून घेईलच याची हमी नाही, आणि या बाबतीत माझा युक्तिवाद लंगडा आहे हे मान्य करतो. आकाशवाणीची ‘आपली आवड’ मात्र अशीच सरमिसळ यादी वर्षानुवर्षं वाजवत आली, म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटीतली नाही.

हे सगळे शहरी चोचले आहेत, असंही म्हटलं जातं. महोत्सव पुण्यात, तिकिटं हजारांत, आणि गाणी इंग्रजीत. २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या एनएच-७ वीकेंडरपुरतं ते बरंचसं बरोबर होतं. पण गेल्या काही वर्षांत हवा पालटली आहे. अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीतून रॅप करतो, पुण्याचा संबाटा वस्तीतल्या मराठीत. या गाण्यांचे श्रोते कोरेगाव पार्कपेक्षा तालुक्याच्या गावांतच सापडायला हवेत. ते सापडत नसतील तर उणीव आवडीची नसून दुव्याची आहे.

दुवा जोडायला फार काही लागत नाही. आठवडी बाजाराच्या मुलखात आठवडा हे माप सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. रोज पाठवलेली गाणी ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांसारखी न बघता पुसली जातात, महिन्याची यादी कुणाच्या लक्षात राहत नाही. आठवड्याला चार गाणी, प्रत्येकासोबत गाणाऱ्याचं आणि संगीत करणाऱ्याचं नाव, गाव, आणि ते का ऐकावं याची एक ओळ. बस्स. त्यात एक रिमिक्स सोनपेठ-गंगाखेड-परळी पट्ट्यातला असावा, कारण शेजारच्या पोराचं नाव वाराणसीच्या किंवा बर्लिनच्या कलाकाराशेजारी छापून आलं की दोघांकडेही बघण्याची नजर बदलते. आणि एक पथ्य पाळायचं: एमपीथ्री फाइल पाठवायची नाही, लिंक पाठवायची. फाइल कितीही हातांतून फिरली तरी कलाकाराच्या खात्यात तिची नोंद होत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला आहे की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला एक पैसाही मिळणार नाही. हजार हा आकडा मुंबईच्या कंपनीला किरकोळ वाटेल. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात. तालुक्याचा असा एखादा भरलेला ग्रुप एकदाच, शुक्रवारी रात्री, स्पॉटिफायची लिंक उघडून गाणं शेवटपर्यंत ऐकेल तर तो उंबरठा त्याच रात्री ओलांडला जातो.