घरातल्या पोरापोरींची नावे मतदार यादीत आहेत काय?

या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, हुमणी, खोडवा व्यवस्थापन असे विषय घेतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. तरीही तो शेती खात्याच्या माणसाने लिहिण्याजोगा आहे, कारण मुळात हा नोंदीचा विषय आहे. नोंद वेळेवर नसली म्हणजे काय होते, हे ऊस उत्पादकाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

आपल्या घरातली अठरा वर्षे पुरी झालेली, कॉलेजला जाणारी मुले-मुली मतदार यादीत आहेत का, एवढाच प्रश्न आम्ही या लेखात विचारणार आहोत. मत कोणाला द्यावे याच्याशी आमचा काही संबंध नाही. तो विषय ज्याच्या त्याच्या मनाचा. पत्रिकेत राजकारण आणले असे कोणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

कोल्हापूर जिल्हा मतदानात मागे आहे असे कोणी म्हणणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेला कोल्हापूर मतदारसंघात ७१ टक्क्यांच्या वर मतदान झाले, ते राज्यातल्या सर्वांत जास्त मतदानांपैकी एक होते. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले. तेव्हा सबंध राज्याचा आकडा ६६ टक्के होता आणि एकट्या करवीर मतदारसंघाचा ८४ टक्क्यांच्या वर गेला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण यातली एक मेख लक्षात घ्या. ही टक्केवारी निघते ती यादीतल्या नावांवर. ज्याचे नाव यादीतच नाही त्याने मत दिले नाही, हे कोणत्याच हिशेबात येत नाही. कारखान्याचा उतारा गाळलेल्या उसावर निघतो, शेतात उभा राहिलेल्या उसावर नाही, तसाच हा प्रकार. उतारा कितीही चांगला आला तरी ज्याचा ऊस फडात वाळला त्याला त्याचे काय?

अशी राहून गेलेली नावे बहुतेक विद्यार्थ्यांची असतात. घरात विचारले की आई-वडील सांगतात, “पोरगं शिकायला बाहेर असतंय, आल्यावर बघू.” पोरगा म्हणतो, “आधार कार्ड हाय की माझ्याकडं.” आणि मतदानादिवशी केंद्रावर नाव सापडत नाही. त्या दिवशी मग कोणीच काही करू शकत नाही. निवडणुकीचे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख होऊन गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, असा कायदाच आहे. शिवाय नवीन नावावर हरकत घेण्यासाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणजे त्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणे म्हणजे तोड चालू झाल्यावर उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात येण्यासारखे आहे.

यादीत नाव नसल्याने काय होते याचा मोठा दाखला देशाच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, घडला. घटनेने २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत दिले होते. जमीन किती, शिक्षण किती, हे काही पाहिले नव्हते. पण उत्तरेकडील काही राज्यांत यादी करायला गेलेल्या माणसांना बायकांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. हक्क घटनेत लिहिलेला होता, पण कागदावर नाव नव्हते.

वयाची अट २१ वरून १८ वर आली ती ६१ व्या घटनादुरुस्तीने. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या लोकसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या पोरांनी पहिल्यांदा मत दिले. आपल्या सभासदांत आज पन्नाशी ओलांडलेले कित्येक जण त्यांतलेच असतील. त्यांनी आपल्या पोरांना ती गोष्ट सांगावी.

आता मुख्य बदल सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना माहीत नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत असत. त्या दिवशी अठरा पुरी असतील तर नाव, नाही तर पुढच्या वर्षी. २ जानेवारीला जन्मलेल्या पोराला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून वर्षात चार तारखा झाल्या आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आपल्याकडे आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा लागणीच्या वेळा असतात, तसेच धरा. एक वेळ चुकली तर पुढची धरता येते, वर्ष वाया जात नाही. उदाहरणार्थ १५ ऑगस्ट २००८ चा जन्म असेल तर १५ ऑगस्ट २०२६ ला अठरा पुरी होतात आणि १ ऑक्टोबर २०२६ ची तारीख लागू पडते.

शिवाय सतरा वर्षे पुरी झाली की अर्ज आगाऊ देता येतो. अठरा पुरी झाल्यावर जी तारीख येईल त्या तारखेला त्याचा विचार होतो. म्हणजे बारावीत शिकणाऱ्या पोराचा अर्ज घरी असतानाच, बाहेरगावी जाण्यापूर्वी, भरून टाकता येतो. आमच्या मते हीच सर्वांत सोयीची वेळ आहे. एकदा पोरगा पुण्याला गेला की तो दिवाळीला येतो, गणपतीला येतो, पण फॉर्म भरायला येत नाही!

येथे थोडे विषयांतर. अमेरिकेत मुख्य निवडणुकीपूर्वी पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवण्यासाठीही लोक मतदान करतात. तेथील काही राज्यांत, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत जो अठरा वर्षांचा होणार आहे, त्याला या आधीच्या फेरीत सतराव्या वर्षीच मत देता येते. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षच ठरवतात, त्यामुळे तशी फेरी नाही. आपल्या सतरा वर्षांच्या पोराच्या हाती आज फक्त अर्ज आहे. पण तेवढा तरी त्याने भरावा.

नवीन नावासाठी नमुना क्रमांक ६ भरायचा. त्याला फोटो, वयाचा पुरावा व राहण्याचा पुरावा जोडायचा. वयासाठी जन्मदाखला किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. राहण्यासाठी आई-वडिलांच्या नावचे लाईट बिल, बँकेचे पासबुक, इतकेच नव्हे तर महसूल खात्याची जमिनीची नोंदसुद्धा चालते. सातबारा घरात नाही असा सभासद आपल्याकडे नाहीच. अर्ज आपल्या भागाच्या बी.एल.ओ.कडे, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचे काम पाहणाऱ्या माणसाकडे द्यायचा. गावात हे काम बहुधा प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तसेच कोणी सरकारी नोकर पाहतात. नाही तर तहसील कचेरीतील निवडणूक शाखेत द्यावा. मोबाईलवरूनही भरता येतो आणि त्यात पोरे आपल्यापेक्षा हुशार आहेत. अर्ज दिल्याची पोच मात्र जपून ठेवावी. वजनाची पावती जपता तशी.

खरा घोळ होतो तो वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचा. कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली पहिले वसतिगृह उभे केले ते खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावे म्हणूनच. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ आले आणि आसपासच्या जिल्ह्यांतली मुले येथे येऊ लागली. आज आपल्या सभासदांची मुले कोल्हापूर, पुणे, मुंबई, बेंगळूरपर्यंत शिकत आहेत. त्यांचे नाव कोठे घालायचे?

नियम असा आहे. सरकारमान्य आणि निदान एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या गावी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी कोठेही नाव घालता येते. वसतिगृहाच्या पत्त्यावर घालायचे तर कॉलेजच्या प्राचार्यांचा दाखला लागतो. पण दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. आधीचे नाव कळवले नाही आणि अर्जात खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे गमतीत घेऊ नये. ज्याचे नाव आधीच एका ठिकाणी आहे त्याने नमुना ६ पुन्हा न भरता नमुना ८ भरून नाव हलवून घ्यावे. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींनाही हाच नमुना ८ लागतो. आणि तो हमखास राहून जातो!

गावी का वसतिगृहात, हे ठरवताना विचार करावा. आमचे मत विचाराल तर कोल्हापूर, वारणानगर, इचलकरंजी येथे शिकणाऱ्याने नाव गावीच ठेवावे. सकाळच्या एस.टी.ने येऊन मत देऊन संध्याकाळी परत जाता येते. गावच्या यादीत नाव असले की तो ग्रामसभेचाही सभासद होतो. पाणंद रस्ता, पाणीपुरवठा, घरकुलाची यादी यांवर ग्रामसभेत बोलण्याचा त्याला अधिकार येतो. शिकलेल्या पोराने ग्रामसभेत उभे राहून अंदाजपत्रकातला आकडा विचारला की सभेचा रंग बदलतो, हे आम्ही पाहिले आहे. उद्या एकवीस वर्षांचा झाल्यावर ग्रामपंचायतीला उभे राहायचे म्हटले तरी यादीत नाव लागतेच.

पण जो मुंबईत किंवा बेंगळूरला चार वर्षे राहणार आणि मतदानाला येण्याची खात्री नाही, त्याने नाव तिकडे न्यावे. गावचे मत सुटते हे खरे, पण न दिलेल्या मतापेक्षा दुसरीकडे दिलेले मत बरे. पुष्कळांना वाटते की मत पोस्टाने पाठवता येईल. तशी सोय सैन्यातले जवान, निवडणूक कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरील वृद्ध, ठराविक टक्केवारीवरील अपंग अशा काहींनाच आहे. विद्यार्थ्यांना नाही.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत यांच्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो. मात्र ती कोणत्या तारखेची घ्यायची हे आयोग ठरवतो. २ डिसेंबर २०२५ रोजी कागल, मुरगूड, जयसिंगपूर इत्यादी ठिकाणी नगरपालिकांचे मतदान झाले, त्याला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा झालेला पोरगा डिसेंबरात मत देऊ शकला नाही. म्हणून म्हणतो, पुढची निवडणूक लांब आहे असे समजून बसू नये.

“एका मतानं काय फरक पडतोय?” असे कॉलेजची पोरे विचारतात. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबई मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला, लाखो मतांत ४८. २०१७ ला मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मते पडली आणि शेवटी चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरवावा लागला. २००८ ला राजस्थानात नाथद्वारा येथे विधानसभेचा निकाल एका मताने लागला. ही झाली मोठी गावे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या वॉर्डात चारपाच मतांनी पडलेला उमेदवार ज्याने पाहिला नाही असा सभासद विरळा.

आणखी एक सूचना. आपल्याकडे तोडीला बीड भागातून टोळ्या येतात. त्यांच्यातही अठरा पुरी झालेली पोरे-पोरी असतात आणि त्यांची नावे त्यांच्या गावच्या यादीत असतात. २०२४ ची विधानसभा ऐन हंगामाच्या तोंडावर आली होती. पुढेही तसे घडू शकते. मुकादमांशी बोलताना हा विषय जरूर काढावा.

नाव आहे की नाही हे पाहण्यासाठी नुसते मतदार कार्ड घरात असून भागत नाही. कार्ड कपाटात आणि नाव यादीतून गेलेले, असेही होते. यादी बी.एल.ओ.कडे पाहता येते, आयोगाच्या मोबाईल ॲपवर पाहता येते, १९५० या फोनवर विचारता येते. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवले असेल, तर आधार कार्ड किंवा आयोगाने ठरवलेल्या दुसऱ्या ओळखपत्रावर मत देता येते.

नमुना ६ व ८ चे कोरे कागद प्रत्येक गट ऑफिसात ठेवले आहेत. ऊस नोंदीला येणाऱ्या सभासदांनी घरातल्या सतरा वर्षांवरील मुला-मुलींची जन्मतारीख चिटबॉयला सांगावी. कोणती तारीख लागू पडते आणि कोणता नमुना लागतो हे तो पाहून देईल. अर्ज मात्र मुलाने किंवा मुलीने स्वतः सही करून द्यायचा आहे, वडिलांची सही चालत नाही.