पिकअपवरचं घर : वजन किती, आणि कुठे?

हायलक्स, डी-मॅक्स किंवा रेंजरसारख्या पिकअपच्या हौद्यात राहण्याची केबिन बसवायची, मुक्कामी पोचल्यावर ती तिच्याच पायांवर उभी करून गाडी मोकळी करायची. हा ट्रक कॅम्पर युरोपातल्या भटक्यांना फार आवडतो. त्याच्या वजनाबद्दलचे काही समज मात्र जिवावर बेतू शकतात.

‘गाडी साडेतीन टन ओढते, मग सातशे किलोंच्या केबिनचं काय एवढं?’ हा पहिला. साडेतीन टन ही स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा आहे आणि ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्याच चाकांवर असतं. कॅम्पर सगळा गाडीच्या पाट्यांवर आणि टायरांवर येतो. तिथली क्षमता साधारण एक टन. युरोपीय नियमानुसार गाडीच्या नोंदलेल्या वजनात 75 किलोंचा चालक आणि 90 टक्के इंधन धरलेलं असतं. शेजारचा प्रवासी, 100 लिटर पाणी, गॅस सिलिंडर, सायकली, नंतर बसवलेला टो-बार हे सगळं त्या टनातूनच वजा होतं.

समजा, एवढं करूनही बेरीज एका टनात बसली. तरी निर्धास्त होऊ नका, कारण वजन कुठे पडतं हा प्रश्न माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. डबल कॅबचा हौदा जेमतेम दीड मीटरचा, त्यामुळे केबिन मागे बरीच बाहेर येते. 700 किलोंच्या कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या 30 सेंटिमीटर मागे गेला आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 3 मीटर असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलवर 770 किलो वाढतात आणि पुढचा 70 किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग आणि ब्रेकची मोठी भिस्त पुढच्याच चाकांवर असते. आल्प्समधल्या ओल्या वळणावर ही सत्तर किलोंची उणीव चांगलीच जाणवते. म्हणूनच लांब हौद्याची सिंगल किंवा दीड कॅब या कामाला कितीतरी बरी.

‘मागे एअर स्प्रिंग टाकल्या की झालं’ हेही खरं नाही. त्यांनी गाडीची बसलेली मागची बाजू वर येते, परवानगी वाढत नाही. त्यासाठी अधिकृत तपासणी आणि कागदपत्रांत नोंद लागते. टायरवरचा भारांकही पाहायलाच हवा : 112 म्हणजे एका टायरला, ठरलेली हवा असताना, 1120 किलो.

जर्मनीत काढता येणारा कॅम्पर हा माल धरला जातो. त्यामुळे तो बांधणं ही कायदेशीर जबाबदारी आहे आणि धावत्या गाडीत त्यात माणसं बसवायला मनाई आहे. बांधणी जोरदार ब्रेकमध्ये केबिनच्या वजनाच्या 0.8 पट बल पुढच्या दिशेने सोसेल अशी हवी, म्हणून ताण चासीवर घ्या, हौद्याच्या पातळ पत्र्यावर नको.

निघण्यापूर्वी सगळं भरून, माणसांसकट, गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला आणि आकडे नोंदणीपत्रातल्या मर्यादांशी ताडून पाहा. मागचा आकडा जास्त आला तर आधी पाणी कमी करा, मग मागे टांगलेल्या सायकली उतरवा.