आकाशातले दोन तास, पडद्यावरची चार मिनिटे



नागपूर शहराला जिने आपले नाव दिले, ती नाग नदी तुम्ही पाहिली आहे का? नागपूरकर असाल तर "रोजच पुलावरून जातो की!" असे म्हणाल. पण पुलावरून दिसतो तो नदीचा एक लहानसा तुकडा. शहराच्या पश्चिमेला, लाव्ह्याजवळच्या टेकड्यांतले पाणी अंबाझरी तलावात कसे येते, तेथून ते भर वस्तीतून वळणे घेत पूर्वेला कन्हानच्या खोऱ्याकडे कसे जाते, हे सलग पाहायचे तर पक्ष्याचे डोळे हवेत. ड्रोनने ते डोळे आज आपल्याला दिले आहेत.

समजा, तुमच्या शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी नाग नदीवर एक छोटी चित्रफीत करायचे ठरवले. ड्रोन उडवण्याचे काम मात्र जाणत्या माणसाचे. आपल्या देशात २०२१ पासून ड्रोनसाठी स्वतंत्र नियम आहेत. चालकाचा परवाना मिळण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिवाय नागपूरचा विमानतळ शहराला लागूनच असल्याने येथील आकाशाचा बराच भाग परवानगीशिवाय बंद आहे. तेव्हा एखाद्या परवानाधारक चालकाने रीतसर परवानगी घेऊन चित्रण केले आणि ते तुमच्या हाती दिले, असे धरू या. आता खरे काम सुरू होते. त्याला म्हणतात संकलन, म्हणजेच एडिटिंग.

एक लाख ऐंशी हजार चित्रे

चित्रफितीतले चित्र हलत नसते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दर सेकंदाला २५ स्थिर चित्रे एकामागून एक डोळ्यांपुढून जातात आणि आपल्याला हालचालीचा भास होतो. आता हिशेब करा. दोन तासांचे चित्रण म्हणजे ७२०० सेकंद, म्हणजेच १,८०,००० चित्रे. कॅमेरा दर सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट माहिती साठवत असेल, तर एकूण ९०,००० मेगाबाइट झाले! प्रदर्शनात कोणी दोन तास उभे राहणार नाही. चित्रफीत हवी चार मिनिटांची, म्हणजे ६,००० चित्रांची. तीस चित्रांतले एकच ठेवायचे आणि एकोणतीस सोडायची.

म्हणून चांगला संकलक आधी यंत्राला हात लावत नाही. तो वही घेऊन बसतो. सगळे चित्रण एकदा शांतपणे पाहतो आणि प्रत्येक तुकड्यापुढे तारीख, वेळ, ठिकाण आणि काय दिसते ते लिहून ठेवतो. ही वही कंटाळवाणी वाटते, पण पुढे तीच उपयोगी पडणार आहे. मूळ चित्रणाची एक प्रत तो बाजूला ठेवून देतो आणि तिला कधीच हात लावत नाही.

थरथर काढण्याची किंमत

पहिली अडचण येते ती थरथरीची. ड्रोनचे पंखे वेगाने फिरत असतात आणि वारा त्याला ढकलत असतो. कॅमेरा यासाठी एका तोलून धरणाऱ्या चौकटीत बसवलेला असतो. तिला गिंबल म्हणतात. ड्रोन डावीकडे कलला की ते कलणे मापक यंत्राला कळते आणि चौकटीतली छोटी मोटर कॅमेऱ्याला तेवढेच उजवीकडे फिरवते. तरीही थोडा हिसका उरतोच. तो संगणकावर काढावा लागतो.

संगणक लागोपाठच्या दोन चित्रांत एकच ठिपका, समजा पुलाचा कोपरा, शोधतो. पहिल्या चित्रापेक्षा दुसऱ्यात तो दहा चित्रकण उजवीकडे गेला असेल, तर दुसरे संपूर्ण चित्रच दहा चित्रकण डावीकडे सरकवतो. पूल स्थिर दिसतो खरा. पण चित्र सरकल्यामुळे कडेला रिकामी पट्टी उरते. ती दिसू नये म्हणून चारही कडा कापाव्या लागतात.

मूळ चित्र ३८४० चित्रकण रुंद आणि २१६० चित्रकण उंच आहे असे माना. प्रत्येक कडेचा दहावा भाग कापला, तर ३०७२ गुणिले १७२८ एवढे चित्र उरेल. क्षेत्रफळ काढून पाहा: मूळच्या फक्त ६४ टक्के! म्हणजे थरथर घालवण्यासाठी एक तृतीयांशाहून अधिक चित्र खर्ची पडले. कापलेल्या कडेवर नदीकाठची एखादी वस्ती असेल तर? ती चित्रातून गेली. गुळगुळीतपणा फुकट मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

पाण्याचा रंग कोणता?

दुसरी पायरी रंगाची. सकाळच्या कोवळ्या उन्हात सारे तांबूस दिसते, ढगाळ दुपारी निळसर. आपला मेंदू हा फरक आपोआप भरून काढतो. कॅमेऱ्याला ते नेहमीच जमते असे नाही. त्यामुळे सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडला की डोळ्यांना धक्का बसतो. संकलक मग चित्रात खात्रीने पांढरी असलेली एखादी वस्तू शोधतो, समजा चुना लावलेली भिंत. ती दोन्ही तुकड्यांत पांढरी दिसेपर्यंत तो लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे प्रमाण कमीजास्त करतो. बाकीचे रंग मग आपोआप जागेवर येतात.

येथवर ठीक. पण त्याच कळा आणखी फिरवल्या, तर काळपट पाणी सुंदर निळेही करता येते. नाग नदी शहरातून जाताना सांडपाणी वाहून नेते. पाण्याचा काळा रंग ही तिची तक्रार आहे आणि पावसाळ्यातला गढूळ रंग हा वाहून आलेल्या मातीचा पुरावा. प्रकाशाने केलेली चूक दुरुस्त करणे वेगळे आणि नदीचा रंग बदलणे वेगळे.

जोडातून जन्मणारा अर्थ

आता तुकडे जोडायचे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एक मजेदार प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने आधी सूपाच्या बशीला जोडला, मग एका शवपेटीला. चेहरा तोच होता. पण प्रेक्षकांना तो एकदा भुकेलेला आणि एकदा दुःखी वाटला. अर्थ चित्रात नव्हता, तो दोन चित्रांच्या जोडात होता.

याची ताकद नागपूरच्याच उदाहरणावरून पाहू. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली, झोपेत असलेल्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. सीताबर्डीजवळचे मोरभवन बसस्थानकही पाण्यात होते. प्राणहानीही झाली. आता कल्पना करा, अशा पुराच्या चित्रणात कोणी चित्र "जोरदार" व्हावे म्हणून दुसऱ्याच वर्षीचे काळे ढग जोडले. एकही चित्र खोटे नाही, तरी गोष्ट खोटी झाली. ती खोटी आहे हे दाखवून देईल ती कोणती वस्तू? तुमची तारीख-वेळेची वही!

आवाजाचेही असेच. बहुतेक ड्रोन आवाज नोंदवीतच नाहीत. नोंदवला तरी पंख्यांच्या घरघरीशिवाय काही ऐकू येणार नाही. चित्रफितीत पाण्याचा खळखळाट ऐकू आला, तर तो नंतर जोडलेला आहे हे खुशाल समजा.

वेग वाढवला तर बिघडले कुठे?

वेगाशी खेळणे ही संकलनातली जुनी आणि मोठी गमतीची गोष्ट. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ मध्ये पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी त्याच्या आदल्या वर्षी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली होती. ठरावीक अंतराने रोपाचे चित्र घेत जायचे आणि मग ती सारी चित्रे सलग दाखवायची. अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांनी पाहता पाहता पाहिली. येथे कोणाची फसवणूक नव्हती, कारण रोप मिनिटभरात वाढत नाही हे प्रत्येकाला माहीत होते.

पुराचे तसे नाही. समजा, ड्रोन एका जागी स्थिर आहे. पाण्यावर तरंगणारी एक फांदी पुलाच्या दोन खांबांमधले, म्हणजे १० मीटरचे अंतर १२५ चित्रांत ओलांडते. २५ चित्रांचा एक सेकंद, म्हणून १२५ चित्रांचे पाच सेकंद. पाण्याचा वेग निघाला सेकंदाला २ मीटर. नद्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पुराच्या पाण्याचा वेग मोजण्यासाठी अशा चित्रणाचा खरोखरच उपयोग करतात.

आता संकलकाने थरार वाढावा म्हणून हा तुकडा दुप्पट वेगाने दाखवला. फांदी अडीच सेकंदांत पार! वेग दिसेल सेकंदाला ४ मीटर. वाहत्या पाण्याचा अडथळ्यावर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पुलाच्या खांबावर प्रत्यक्षापेक्षा चौपट जोर पडला, असा निष्कर्ष निघेल. उलट एखाद्याने चित्र शांत दिसावे म्हणून वेग निम्मा केला, तर जोर एक चतुर्थांश ठरेल; आणि ही चूक अधिक घातक, कारण तिच्यावर विसंबून बांधलेली भिंत पुढच्या पुरात वाहून जाईल.

नकाशा आणि चित्रफीत

आकाशातून घेतलेल्या चित्रांचे नागपूरशी जुने नाते आहे. अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. ती १९७६ मध्ये स्थापन झाली. १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही याच शहरात आहे. जमीन, पाणी, पिके यांचा अभ्यास अशा संस्थांत वरून घेतलेल्या चित्रांवरून केला जातो.

चित्रांचा नकाशा करणे हेही एक प्रकारचे संकलनच. लागोपाठच्या दोन चित्रांत जमिनीचा बराचसा भाग सामाईक राहील अशा बेताने चित्रे घेतात. सामाईक खुणा जुळवून ती एकमेकांना सांधतात. ड्रोनचा कॅमेरा जमिनीची १२० मीटर रुंदीची पट्टी ३८४० चित्रकणांत टिपत असेल, तर एक चित्रकण म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३ सेंटिमीटर. नकाशा करणाऱ्याला त्यातला एकही दगड हलवण्याची मुभा नाही. चित्रफीत करणाऱ्याला मुभा पुष्कळ आहे. म्हणूनच जबाबदारीही त्याचीच मोठी. कडा कापा, प्रकाश सारखा करा, कंटाळवाणे भाग गाळा. मात्र वेग बदलला असेल तर पडद्यावर तसे लिहा, तुकड्याची तारीख लिहा आणि आवाज नंतर जोडला असेल तर तेही शेवटी सांगा. अशी चित्रफीत देखणी असूनही उद्या कोणा अभियंत्याच्या उपयोगी पडू शकेल.

करून पाहा

ड्रोन नसला तरी चालेल. शाळेच्या पटांगणात दोन खुणा १० मीटर अंतरावर करा. मित्राला त्यांमधून चालायला सांगा आणि दुसऱ्या मजल्यावरून मोबाइलने चित्रण करा. मोबाइल सेकंदाला किती चित्रे घेतो ते पाहून ठेवा आणि चित्रे मोजून त्याच्या चालण्याचा वेग काढा. मग तेच चित्रण दीडपट वेगाने करून, काही न सांगता, दुसऱ्या वर्गातल्या मुलांना दाखवा आणि त्यांना वेग काढायला सांगा. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. यापुढे कोणतीही झगझगीत चित्रफीत पाहताना ती उत्तरे आठवा आणि विचारा: जी एकोणतीस चित्रे गाळली, त्यांत काय होते?