शनिवारची शिकवणी आणि कामाचा परवाना

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या घरात डिग्र्या दोन आणि पगार एक, अशी परिस्थिती असते. आमच्याकडेही तेच होतं. मी एच-१बी व्हिसावर आलेला सॉफ्टवेअर इंजिनियर. सौ. जर्मन भाषेची एम.ए., पुण्यात सहा वर्षं शिकवण्याचा अनुभव. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून मात्र कागदोपत्री तिची ओळख एकच : एच-४, म्हणजे माझ्यावर अवलंबून.

२०२१ च्या सप्टेंबरात आमच्या गावातल्या एका खाजगी भाषा-शाळेतून तिला फोन आला. शनिवारी चार तास मोठ्या माणसांना जर्मन शिकवायचं, तासाला तीस डॉलर. "कागदपत्रं मागाहून बघू," असं संचालकांनी सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मीही म्हणालो, "आठवड्याला चार तास तर आहेत, कोणाचं काय बिघडतंय?" कंपनीत कोडची एकेक ओळ तपासून घेणारा मी, घरच्या व्हिसाचा नियम मात्र वाचला नव्हता.

दोन शनिवार झाले आणि २४० डॉलरचा चेक आला. सोबत डब्ल्यू-९ फॉर्म होता. त्यात सोशल सिक्युरिटी नंबर मागितला होता. सौ.कडे होता तो फक्त आयटिन, आमच्या एकत्र टॅक्स रिटर्नसाठी घेतलेला. तिनेच विचारलं, "हा नंबर चालतो का रे?" तेव्हा कुठे मी वकिलांना फोन लावला.

वकिलांनी काय सांगितलं?

पहिली गोष्ट, आयटिन हा टॅक्स भरण्यासाठीचा नंबर आहे, काम करण्याचा परवाना नव्हे. टॅक्स भरला म्हणून विनापरवाना काम कायदेशीर होत नाही. दुसरी, "मी नोकर नाही, कॉन्ट्रॅक्टर आहे" ही पळवाट नाही. कॉन्ट्रॅक्टरसाठी शाळेला आय-९ फॉर्म भरावा लागत नाही, पण शिकवणाऱ्याला परवाना लागतोच. तिसरी, चेक वटवला नाही तरी काम हे कामच. पैशांऐवजी गिफ्ट कार्ड घेतलं तरी तो मोबदलाच.

चौथी गोष्ट ऐकून मात्र आम्हा दोघांची झोप उडाली. ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जात स्पष्ट प्रश्न असतो : आपण अमेरिकेत कधी विनापरवाना काम केलं आहे का? तिथे खोटं लिहिणं हा मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा. नोकरीवर आधारित अर्जांत शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर एकूण १८० दिवसांपर्यंतची अशी चूक आड येत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे. आमचे दोन शनिवार त्यात बसतात. पण ती सवलत झालेल्या चुकीसाठी आहे, ठरवून करण्यासाठी नाही.

आम्ही चेक परत केला, काम थांबवलं, तारखा लिहून फाइलमध्ये ठेवल्या. सौ. दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "चूक पैशांची नव्हती, घाईची होती." घाई माझी होती, हे तिने म्हटलं नाही.

कोणाला शिकवता येतं?

ग्रीन कार्ड असेल तर वेगळा परवाना लागत नाही. एल-१ वाल्यांच्या जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाबरोबरच कामाची मुभा आहे. त्यांच्या आय-९४ वर 'एल-२एस' अशी नोंद हवी. जे-२ वर परवान्यासाठी अर्ज करता येतो. विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना, म्हणजे एफ-२ वाल्यांना, काम करता येत नाही.

एच-४ वाल्यांसाठी दार उघडलं ते २६ मे २०१५ ला. अट अशी की, एच-१बी धारकाचा आय-१४० मंजूर झालेला असावा, किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असावी. मग आय-७६५ फॉर्म भरायचा. सोबत लग्नाचा दाखला, दोघांच्या व्हिसा-मंजुरीच्या नोटिसा आणि आय-१४० ची मंजुरी जोडायची. सोशल सिक्युरिटी नंबरही त्याच फॉर्मवर मागता येतो. अर्ज पाठवला म्हणजे काम सुरू करता येतं असं नाही. मंजुरी मिळून कार्डावरची तारीख सुरू झाली की मगच वर्गात पाऊल.

एच-१बी वाल्या मंडळींनाही एक सूचना. मी शनिवारी पगार घेऊन त्याच शाळेत शिकवायचं म्हटलं, तर त्या शाळेला माझ्यासाठी वेगळा एच-१बी अर्ज करावा लागेल. एच-१बी म्हणजे वाटेल तिथे काम करण्याची सूट नव्हे.

मग आपली मराठी शाळा?

हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. ना-नफा संस्थेत, मोबदल्याच्या अपेक्षेशिवाय, जे काम सहसा स्वयंसेवकच करतात ते करायला हरकत नसते. आपल्या मंडळाच्या रविवारच्या शाळा अशाच चालतात. मात्र नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेत "तूर्तास फुकट शिकवा, परवाना आल्यावर पगार देऊ" हे स्वयंसेवा या नावाखाली बसत नाही. आणि इथे बसून भारतातल्या मुलांची इंटरनेटवर पैसे घेऊन शिकवणी करायची असेल, तर आधी वकिलांना विचारा. पैसे कुठल्या बँकेत जमा होतात यापेक्षा काम कुठे बसून केलं, हे महत्त्वाचं.

हिशोबाची बाजू

पगार सुरू झाला की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरपोटी ७.६५ टक्के कापले जातात. कॉन्ट्रॅक्टर असाल तर दोन्ही बाजूंचे मिळून १५.३ टक्के स्वतः भरायचे, तेव्हा तासाचा दर ठरवताना हे धरा. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. म्हणजे किमान दहा वर्षं. भारताशी याबाबतचा करार नसल्याने तिकडची नोकरी इथे मोजली जात नाही. म्हणून शनिवारचे चार तासही, परवान्यासह केले, तर जमेस धरण्यासारखे आहेत.

शेवटी नूतनीकरण. पूर्वी वेळेत अर्ज केला की जुनं कार्ड संपल्यावरही काही काळ काम चालू ठेवता येई. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ही आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपण्याआधी १८० दिवसांपासून अर्ज करता येतो, तो दिवस चुकवू नका.

माझा आय-१४० मंजूर झाल्यावर २०२४ मध्ये सौ.चं कार्ड आलं. आता ती दुसऱ्या एका शाळेत जर्मन शिकवते. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी आय-९ समोर ठेवला, तेव्हा तिने पर्समधून कार्ड काढून ऐटीत टेबलावर ठेवलं. पुढच्या अर्जाची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिलेली आहे. अक्षर माझं आहे. या वेळी नियम मी आधी वाचला.

ता.क. : हे माझे अनुभवाचे बोल आहेत, कायदेशीर सल्ला नव्हे. नियम बदलत असतात आणि प्रत्येकाची फाइल वेगळी असते. सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलांना जरूर विचारावे.